स्कूटर रेल्वेने पाठवताना टाकी घरीच रिकामी करा

पुण्याहून नागपूरला किंवा त्याहून दूर रेल्वे पार्सलने स्कूटर पाठवायची असेल, तर टाकीत पेट्रोल असताना ती स्वीकारली जात नाही, आणि स्थानकावर ऐनवेळी ते काढण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. म्हणून आठवडाभर आधीच पेट्रोल भरणे थांबवावे आणि उरलेले आदल्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिककडून काढून घ्यावे.

आरसे उतरवून स्वतःच्या सामानात ठेवावेत. हेडलाइट, ब्रेकचे दांडे आणि पुढचे मडगार्ड यांवर गोणपाटाआधी जुन्या चादरीचे दोन पदर अवश्य गुंडाळावेत, कारण सुतळीने आवळलेले खरखरीत गोणपाट प्रवासभर रंगावर घासत राहते आणि बारीक ओरखडे उठतात. नाव, मोबाइल क्रमांक व दोन्ही स्थानके पुठ्ठ्यावर ठळक लिहून एक पुठ्ठा हँडलला, दुसरा मागच्या बाजूला बांधावा. एक फाटला तरी दुसरा राहतो. आर.सी., विमा व ओळखपत्राच्या छायाप्रती सोबत असाव्यात.

काढलेले पेट्रोल बाटलीत भरून डब्यातून मात्र कदापि नेऊ नये. रेल्वे अधिनियम, 1989 नुसार त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.