बोटीचा कार्बोरेटर सेट करायला शिकताना: नागपूरच्या नव्या मेकॅनिकसाठी

नागपुरात राहून बोटीच्या इंजिनाचं काम शिकता येतं का, असं आयटीआयची पोरं विचारतात. येतं. समुद्र दूर असला तरी कार्बोरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) इथे भरपूर आहेत, आणि पाया तिथेच पक्का होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम, लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. त्यामुळे आत्ता शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांचा हात स्कॅनरवर बसतो, जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या नळीवर) बसत नाही. जुन्या पेट्रोल इनबोर्ड (इंजिन पोटात असलेल्या) बोटी मात्र अजून कार्बोरेटरवरच चालतात, आणि ते नीट सेट करणारे हात कमी होत चाललेत. शिकण्यासारखं काम आहे ते एवढ्यासाठीच.

सुरुवात जुन्या बाइकवर करा. कार्बोरेटर पूर्ण खोला, फ्लोट, नीडल, पायलट जेट, मेन जेट हातात घेऊन ओळखा, साफ करून परत बसवा. मी ज्या गॅरेजात शिकलो तिथले उस्ताद एकच सांगायचे, ‘पहिले प्लग पाह्य, मंग कार्बोरेटरले हात लाव.’ बोटीवर हे दुपटीने खरं आहे. इंजिन मिसिंग करतंय म्हणून आलेल्या बोटीत दोष कितीदा तरी प्लग, पॉइंट, टायमिंग, फिल्टरमधलं पाणी किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा यांतच असतो. ते सगळं तपासून झाल्याशिवाय मिक्श्चर स्क्रूला पेचकस लावू नये. एक दोष झाकायला दुसरा दोष केला, की मूळ आजार सापडत नाही.

बाइकवरून बोटीवर येताना एक गोष्ट नीट समजून घ्या. बऱ्याच बाइकच्या कार्बोरेटरला एअर स्क्रू असतो, तो आत घेतला की मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. बोटीच्या टू-बॅरल, फोर-बॅरल कार्बोरेटरवर आयडल मिक्श्चर स्क्रू साधारणपणे पेट्रोल नियंत्रित करतो, म्हणून आत घेतला की लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हात सवयीने उलटा फिरतो आणि इंजिन बिघडत का चाललंय ते कळत नाही. फिरवण्याआधी कोणता स्क्रू आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

आता सुरक्षेचं, आणि इथे घाई नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खाली रस्त्यावर उतरून जाते, बोटीत मात्र तळाच्या पोकळीत, बिल्जमध्ये, साचून राहते. एक ठिणगी पुरे. स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा आणि स्वतः वास घेऊन पाहा. गाडीचा कार्बोरेटर स्वस्तात मिळाला म्हणून बोटीवर कधीच बसवू नका. मरीन कार्बोरेटरमध्ये उतू जाणारं पेट्रोल परत इंजिनाच्या घशातच जाईल अशी रचना असते, बाहेर बिल्जमध्ये सांडत नाही. एअर फिल्टरच्या जागी ज्वाळा बाहेर येऊ न देणारा फ्लेम अरेस्टर असतो, तोही काढून ठेवून इंजिन चालवू नका. आणि पाण्याविना इंजिन सुरू करू नका, कारण पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की काही वेळातच जळतो. बोट जमिनीवर असेल तर आधी सक्शनला नळाचं पाणी जोडा.

सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, चोक उघडा असतानाच. स्क्रू हलकेच आत टेकवा (दाबू नका, टोक खराब होतं) आणि साधारण दीड फेरा बाहेर काढा. मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज (आतली ओढ मोजणारं मीटर) लावा. आता एकेक स्क्रू पाव फेऱ्याने, आलटून पालटून फिरवा. आत घेता घेता इंजिन अडखळायला लागतं, बाहेर घेतला की सावरतं. काटा जिथे सर्वांत वर आणि स्थिर राहतो ती जागा. शेवटी आयडल स्पीड, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, म्हणजे जवळपास हजार फूट उंचीवर आहे. दर हजार फुटांना व्हॅक्युम गेजचं वाचन साधारण एक इंचाने (पाऱ्याच्या) कमी येतं. मॅन्युअलमधले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे असतात, म्हणून इथे एक इंच कमी दिसलं तर इंजिन कमजोर आहे असं समजू नका. काटा थरथरतो का, ते जास्त महत्त्वाचं. एका लयीत खाली झेप घेणारा काटा बहुतेकदा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो, आणि तिथे कार्बोरेटर कितीही फिरवला तरी उपयोग नसतो.

यार्डातली सेटिंग अर्धीच. बोटीचं इंजिन म्हणजे कायम घाट चढणारी गाडी, प्रोपेलरवर पाण्याचा भार सतत असतो. म्हणून बोट पाण्यात उतरवा, गिअर टाका, आयडलवर बंद पडते का पाहा. मग थ्रॉटल झटकन उघडा. क्षणभर गुदमरली तर ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल सोडणारा) तपासा. पूर्ण थ्रॉटलवर थोडा वेळ चालवून इंजिन थेट बंद करा आणि प्लग काढा. चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी हवा. काळा, काजळीचा असेल तर रिच. पांढरा, फोड आलेला असेल तर लीन, आणि लीन सेटिंग भाराखाली पिस्टन जाळते. शंका असेल तेव्हा मी थोडं रिच ठेवतो. पेट्रोल जास्त लागेल, इंजिन मात्र वाचेल.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आणखी एक प्रश्न येतो. गरम इंजिन बंद केल्यावर फ्लोट बाउलमधलं पेट्रोल उकळतं आणि दहा मिनिटांनी इंजिन सुरू होता होत नाही. अशा वेळी मिक्श्चर हलवू नका. इंजिन कंपार्टमेंटची हवा खेळती करा, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे हवा १४.७ भाग लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेच जुने जेट आपोआप लीन चालतात, आणि मेन जेट एखादा नंबर मोठा घ्यावा लागू शकतो. इथेनॉल पाणीही ओढतं. बोट पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, बाउल रिकामं करा, जुने रबरी पाइप बदला आणि वॉटर सेपरेटर फिल्टर नवा बसवा.

इनबोर्ड आणि आउटबोर्ड यातला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जा, तिथे मोटरबोटी चालतात. इंजिन मागे बाहेर टांगलेलं दिसलं तर आउटबोर्ड, बोटीच्या पोटात झाकणाखाली असेल तर इनबोर्ड. तिथल्या मेकॅनिक भाऊंना नीट विचारलं तर झाकण उघडून दाखवायला बहुतेक जण तयार होतात. जाताना खिशात वही ठेवा आणि प्रत्येक इंजिनाचे जेट नंबर, स्क्रूचे फेरे, गेजचं वाचन आणि त्या दिवशीचं तापमान लिहून घ्या.