खाऱ्या वाऱ्यातली गाडी: पॉलिशच्या आदल्या दिवसाची यादी

पहिली तयारी कॅलेंडरची. पावसात पॉलिशच्या भानगडीत पडू नये, आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. दसरा होऊन पाऊस परतला की मग एखादा दिवस धरावा. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, पाणी गोडं असतं. समुद्राजवळच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, आणि त्या पाण्याने धुतलेल्या पत्र्यावर पांढरे ठिपके उरतात. कलमांना मोहोर यायच्या आत काम उरकलेलं बरं. मोहोराबरोबर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली उभ्या गाडीच्या टपावर पडतो. तेव्हा सावली हवी, पण आंब्याची नको. पडवी किंवा शेड बघा.

वेळ सकाळची. आमच्याकडे वेंगुर्ल्याला सकाळी मतलई असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे. दुपारकडे तो फिरतो आणि खारा सुरू होतो, मग पुसलेल्या काचेवरही बोट फिरवलं की चिकट लागतं. म्हणून सातला धुणं, आठला पॉलिशचं मशीन हातात. एका दिवसात सगळी गाडी होत नाही. अर्धी उद्यावर ठेवलीत तर उद्या ती परत धुवायची, आळस नको.

मशीनआधी जमीन बघा. खळं सारवलेलं असो की नुसती तांबडी माती, आधी पाणी मारून धूळ बसवा आणि पॅड, म्हणजे मशीनला लावायच्या फोमच्या चकत्या, ठेवायला उंच टेबल घ्या. हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या वर्षी बॉनेट करताना पॅड हातातून निसटून खळ्यात पडला. झटकला, फुंकर मारली, परत लावला. पाच मिनिटांनी टॉर्च तिरका धरून बघतो तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. पॅड उलटा करून नखाने चाचपला तेव्हा फोमच्या भोकात जांभ्याचा एक कण सापडला, मोहरीच्या दाण्याहून लहान. तेवढ्यासाठी दोन तास गेले. आई पडवीतून बघत होती, म्हणाली, "मेल्या, गाडी पुसतंस काय घासतंस?" आता पडलेला पॅड त्या दिवसापुरता बाद. क्ले बार, म्हणजे पत्र्यावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, पडली तर ती सरळ कचऱ्यात.

धुण्यासाठी दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक हातमोजा खळबळायला. आधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा, चाकांच्या वरच्या पोकळीतली तांबडी माती सुटेपर्यंत. मग टपापासून खाली. धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून अलगद फिरवा. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली तर क्ले बार, भरपूर ओलाव्यावर, जोर न लावता.

मास्किंग टेप दोन गुंडाळ्या. रबर बीडिंग, काळं प्लास्टिक, लोगो, आणि पत्र्याच्या कडा झाका. कडांवर रंग पातळ असतो, आणि काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं कंपाऊंड, म्हणजे जाड, जास्त घासणारं पॉलिश, निघता निघत नाही. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून बारीक. दरवेळी त्यातलाच थोडा जातो. म्हणून ओरखडा दिसला की कंपाऊंड, असं करू नका. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन आखून आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश लावून बघा. त्याने भागलं तर पुढचं लागतच नाही. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं, त्यात पॅड फिरतो आणि डोलतोही. नुसती गोल फिरणारी रोटरी एका जागी रेंगाळली तर रंग जाळते.

पॅड किती? लोक इथेच कंजूषी करतात. एका गाडीला कटिंगचे, म्हणजे ओरखडे काढायचे, निदान तीन आणि फिनिशिंगचे, म्हणजे शेवटच्या चकाकीचे, दोन लागतात. दोन्हींची अदलाबदल नाही, मागे मार्करने खूण करा. पॅड ज्यावर चिकटतो त्या मशीनच्या बॅकिंग प्लेटवरही एक रेघ ओढा. मशीन चालू असताना ती फिरताना दिसली नाही, तर पॅड नुसता थरथरतोय आणि तुम्ही फार दाबताय. पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. दर पत्र्यानंतर नायलॉनचा ब्रश घेऊन, मशीन हळू फिरवत, पॅडमधली पांढरी पूड झाडा. ती साचली की पॅड गरम होतो, फोम मऊ पडतो आणि चकाकीऐवजी धूसर डाग येतात. एक्स्टेन्शनची वायर खांद्यावरून घ्या, पत्र्यावरून घासू देऊ नका. लाईट गेली तर थांबायचं, पण पत्र्यावरचं पॉलिश तेवढं लगेच पुसून घ्यायचं.

मायक्रोफायबरची कापडं दहा-बारा, धुऊन पिशवीत बंद, लेबलं कापून. शेवटी रंग झाकणारा सीलंट किंवा वॅक्सचा थर हवाच, समोर समुद्र आहे.

संध्याकाळी थकवा आला तरी पॅड तसेच टाकून झोपू नका. पॉलिश वाळलं की फोम दगड होतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन बोटांनी दाबत धुवा, पिळू नका. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन, रिकाम्या बादलीत तोंड खाली धरून मशीनवर क्षणभर फिरवा, पाणी उडून जातं. मग वेल्क्रो वर करून जाळीवर ठेवा, म्हणजे पाणी गोंदाकडे उतरत नाही. मी एकदा घाईने गडग्यावर उन्हात ठेवले होते, दोघांचं वेल्क्रो सुटून आलं. आणखी एकदा ओलसर पॅड डब्यात भरले. जूनमध्ये झाकण उघडलं तर हिरवी बुरशी. आपल्या हवेत एका रात्रीत फोम आतून सुकत नाही. दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी मधोमध दाबून बघा. थंड लागला तर अजून एक दिवस पंख्याखाली, आणि मगच सिलिका जेलची पुडी घालून डबा बंद.