वडिलांची परवान्याची बंदूक आपल्या नावावर करताना

तापीकाठच्या केळीबागेत रानडुकरांपासून राखणीसाठी घेतलेली बाराबोअर बंदूक परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरातच राहू देणे, मग ती कपाटात कुलूपबंद का असेना, कायद्याला मान्य नाही. म्हणून ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ही पावती जिवापाड जपावी. त्यानंतर जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, ज्या जिल्ह्यात आपण राहतो तेथील जिल्हाधिकारी कार्यालयात २०१६ च्या शस्त्र नियमांतील फॉर्म ए-१ भरून वारस या नात्याने अर्ज करावा आणि सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना व इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडावे. बहिणींची संमती गृहीत धरू नये. ती लेखीच घ्यावी. पोलीस चौकशीच्या अहवालानंतर निर्णय होतो. परवाना हाती येताच त्यावरील क्रमांक बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

नळी लांब वाटते म्हणून ती कापून घेण्याचा विचार मात्र मनातही आणू नये, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ नुसार त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात, आणि वारसाने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते.