मधमाश्यांसाठी खुरासणी लावा

बागेत दिवसभर ऊन येत असेल, तर एक वाफा खुरासणीला, म्हणजे कारळ्यांच्या पिकाला द्या. सुरगाणा, पेठ भागात ही पिकते. नाशिकच्या अंगणातही छान येते. पेरायला किराणा दुकानातले न भाजलेले कारळे चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस थोडा उघडला की बी बारीक वाळूत मिसळून 30 सेंमी अंतराच्या ओळींत पेरा, नाहीतर फार दाट पडते. शेणखत बेतानेच. साधारण दोन महिन्यांत पिवळी फुलं येतात. एकच रोप लावू नका: ते स्वतःच्या परागाने फळत नाही, मधमाश्यांनी दुसऱ्या रोपाचे पराग आणावे लागतात. फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको, कडुनिंबाचा अर्कसुद्धा! बी वाळल्यावर चटणी करा, मूठभर पुढच्या पेरणीला ठेवा.