पैरा: साडेतीन एकरांवरचं एक वर्ष

कोकणात राजापूर रोडला उतरले तेव्हा मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. रोहिणी नक्षत्र लागलं होतं आणि वाडीतल्या विहिरीत जेमतेम गुडघाभर पाणी राहिलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी एक वर्ष स्वयंसेवक म्हणून पर्माकल्चरच्या शेतावर राहायला आले होते. शेत साडेतीन एकरांचं. घरात दादा, वहिनी, त्यांची शाळकरी मुलगी आणि दादांच्या आई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो. ऋतू असेल तसे माझ्यासारखे दोन ते सात जण तिथे असायचे.

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती आणि घर-परिसर रचायची पद्धत. तिच्याबद्दल मी पुष्कळ वाचून आले होते. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970 च्या दशकात ही रचना मांडली आणि 1978 साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, हे मला माहीत होतं. घराभोवतीची पाच वर्तुळं, रोज लागणारी भाजी दाराशी आणि वर्षातून एकदा बघायचं रान सगळ्यात लांब, हेही पाठ होतं. पहिल्या सकाळी वहिनींनी हातात खराटा दिला आणि मागच्या परड्यातला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, गोळा करायला सांगितलं. चार दिवस मी तेच केलं. पाचव्या दिवशी तो पातेरा आळ्यांमध्ये पसरताना लक्षात आलं की पावसाळ्यात जमीन धुपू नये म्हणून जे आच्छादन लागतं, ते गोळा करायला एवढेच दिवस हातात असतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की पातेरा भिजतो, जड होतो आणि त्यात विंचू-किडा शिरतो.

नवीन येणाऱ्याला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. इथलं काम आपल्या सोयीने येत नाही, नक्षत्राने येतं. आणि पहिले पंधरा दिवस आपण या घरावर ओझंच असतो. आपल्याला विळा धरायला शिकवायचा, आपल्यासाठी दोन भाकऱ्या जास्त थापायच्या, आपण चुकून उपटलेलं रोप पुन्हा लावायचं, हे सगळं घरच्यांच्या वेळातून जातं. तिसऱ्या आठवड्यापासून आपला हात थोडा उपयोगी पडायला लागतो. म्हणून दहा दिवसांसाठी येणार असाल तर पाहुणे म्हणून या, राहण्या-जेवण्याचे पैसे द्या, बघा, शिका. स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर निदान सहा आठवडे काढा, आणि शक्य असेल तर एका कामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतील असे काढा.

आमच्याकडे यासाठी जुना शब्द आहे: पैरा. आज तुम्ही माझ्या शेतात लावणीला आलात, उद्या मी तुमच्याकडे येणार. पैसे नाहीत, पण हिशेब पक्का. देशावर कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक. 1971 साली इंग्लंडमध्ये वूफ हे शेतांवरच्या स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं, दिवसाला चार-सहा तास काम आणि त्याबदल्यात जेवण-निवारा अशी पद्धत जगभर पसरली. ती चांगलीच आहे. पण मला शेतावरचं जगणं कळलं ते पैऱ्यातून. पैऱ्यात आपण कुणावर उपकार करत नसतो, आपल्यावरचं देणं फेडत असतो.

लावणीबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण वर्षभरात मी सगळ्यात जास्त तिथेच शिकले. दाढ, म्हणजे भाताची रोपं तयार करायचा वाफा, पेरली होती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. आमच्या गावात दाढ भाजून घ्यायची रीत आहे: झाडांच्या फांद्यांचा कवळ, शेण, गवत, माती असे थर रचून जाळायचे आणि त्या राखेत भात पेरायचं. दादांनी भाजावळ बंद केली, कारण दरवर्षी कवळासाठी ऐन-किंजळाची झाडं बोडकी होतात. आजींचं म्हणणं, भाजल्याशिवाय रान, म्हणजे तण, मरत नाही. शेवटी दोन वाफे शेजारी-शेजारी केले, एक आजींचा भाजलेला, एक दादांचा शेणखत आणि पाल्याचा. आजींच्या वाफ्यात रान खरंच कमी आलं. दादांच्या वाफ्यात आम्हाला दोनदा बेणणी (तण काढणं) करावी लागली. दादांनी ते कबूल केलं आणि पुढच्या वर्षीसाठी गिरिपुष्पाचं कुंपण दुप्पट लावलं, म्हणजे पाला घरचाच मिळेल, जाड पसरता येईल आणि जंगलाला हात लावायला नको. पुस्तकातलं पर्माकल्चर आणि आजींची शेती यांत भांडण लावू नका. दोघांना शेजारी वाफा द्या.

तरवा, म्हणजे दाढीतली भाताची रोपं, साधारण पंचवीस दिवसांचा झाला की काढायचा. मूठ बांधायची, चिखलणी केलेल्या खाचरात फेकायची आणि ओळीने लावत मागे सरकायचं. आम्ही दोरीला 25 आणि 15 सेंटिमीटरवर आलटून-पालटून खुणा करून लावत होतो, एका चुडात दोन-तीन काड्या. मी पहिल्या दिवशी रोप खोल खुपसत होते. वाडीतल्या एक मावशी बाजूला होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "गो बाय, एवढा खोल नको. मुळाला फक्त चिखल लागला पायजे. ते आपलं आपण उभं राहतं." अंगठा आणि दोन बोटं, मुळं बोटांच्या टोकाशी, चिखलात बोटाचं एक पेर आत आणि हात सरळ वर. वाकडा काढला तर मुळाचं टोक वर वळतं आणि ते रोप चार दिवस पिवळं राहतं. त्या दिवशी मावशींनी तीन ओळी संपवल्या तेव्हा माझी अर्धी झाली होती. इरलं पाठीवर, पायाखाली गार चिखल, वरून संततधार आणि पुढे कुणीतरी गाणं उचललेलं. कंबर इतकी दुखली की रात्री कूस बदलताना जाग यायची. पाचव्या दिवसापासून दुखणं कमी झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. स्वयंसेवक आले म्हणून वाडीतल्या बायकांची मजुरी बुडता कामा नये. आमच्या शेतावर लावणी, कापणी आणि बेणणीला त्या बायका रोजावर असायच्याच, आम्ही सात जण असलो तरी. दादा म्हणायचे, तुम्ही जाल, त्या इथेच राहणार आहेत. ज्या शेतावर फुकटच्या हातांवर सगळी कामं चालतात आणि गावातला एकही माणूस दिसत नाही, तिथे मला राहावंसं वाटणार नाही. याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी तीन आठवडे होते. तिथे आमच्याकडून महिन्याचे पैसे घेत, दिवसभर बांधकामाच्या विटा वाहायला लावत आणि शेतीबद्दल विचारलं तर नंतर सांगतो म्हणत. चौथ्या आठवड्यात मी निघाले. तुम्हालाही असं वाटलं तर लाजेखातर थांबू नका.

माझ्या हातून झालेलं एक नुकसानही सांगायला हवं. आच्छादन चांगलं, हे डोक्यात इतकं बसलं होतं की जूनमध्ये पपईच्या रोपांना मी ओला पाला थेट खोडाला भिडवून वीतभर जाड रचला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पंधरा दिवसांत अकरा रोपं बुंध्याशी कुजून आडवी झाली. वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी मला एक रोप उपटून बुंध्याचा वास घ्यायला लावला आणि उरलेल्या रोपांभोवतीचा पाला वीतभर लांब सारायला सांगितलं. ती रोपं त्यांनी फेब्रुवारीपासून पिशवीत वाढवली होती. आच्छादनाचे जे फोटो आपण बघतो ते बहुतेक कोरड्या मुलखातले असतात. पावसाळ्यात कोकणात पाणी अडवण्याआधी ते खोडापासून बाजूला काढणं महत्त्वाचं. तेच पाणी नोव्हेंबरनंतर टिकवायचं, कारण जांभा दगड ते धरून ठेवत नाही.

पावसाळ्यात राहायला येणाऱ्यांनी कपड्यांचे चार जोड आणावेत, त्यातला एक कायम कोरडा डब्यात ठेवावा. पायाला जखम असेल तर खाचरात उतरू नये. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो, म्हणून लावणीआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन यावं. संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, जांभ्याच्या गडग्यात फुरसं हा विषारी साप असतो आणि तो पातेऱ्याच्या रंगाचाच दिसतो. चावलाच तर झाडपाला-मंत्र काही न करता गाडी काढून सरळ सरकारी रुग्णालय. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे रुग्णवाहिकेचा 108 आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर खडूने लिहिलेले होते. तुम्ही जाल तिथे ते लिहिलेले आहेत का बघा, नसतील तर लिहा.

एकत्र राहण्यातली खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, पावसाळ्यात टाकळा, फोडशी, भारंगी. पाळ्या लावलेल्या होत्या: एक जण चूल, एक जण भांडी, एक जण पाणी आणि शौचालयाची राख. शौचालय कोरडं होतं, प्रत्येक वेळी वर राख आणि भुसा टाकायचा. तो डबा रिकामा ठेवून जाणं, यावरून आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली. शेवटी दर रविवारी रात्री जेवणानंतर पडवीत बसायचं ठरलं. ज्याला जे खुपतंय ते त्याने माणसासमोर बोलायचं, पाठीमागे नाही. मला पहिल्यांदा बोलायला तीन रविवार लागले. बोलले त्या रात्री मला त्या घरात नीट झोप लागली.

गणपतीत शेत थांबतं. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं होतात. त्या आठवड्यात स्वयंसेवकांनी घरच्यांची जागा अडवू नये. आम्ही गोठ्याच्या माळ्यावर झोपायला गेलो आणि मोदकांसाठी नारळ खवायला बसलो. तेरड्याची गौर आणायला आजींनी मला बरोबर नेलं. त्या दिवसानंतर वाडीतल्या लोकांनी मला "पुण्याची" म्हणणं सोडलं.

कापणी, झोडणी, उडवी हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झरझर संपतं. त्यानंतर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी. डिसेंबरात आम्ही वरच्या उतारावर समपातळी चर मारले. समपातळी रेषा आखायला यंत्र लागत नाही. दोन माणूसभर काठ्या वर बांधायच्या, मधे आडवी काठी, वरून दोरीला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय फिरवायचा, पुन्हा बघायचं. एका दिवसात आम्ही पूर्ण उतार मोजला. जानेवारीत गवत कापून हद्दीवर जाळपट्टा केला, कारण शिमग्याच्या सुमारास वणवा येतो आणि दहा वर्षांची काजूची झाडं एका दुपारी जातात. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोत दिसत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्वयंसेवक नेमके तेव्हाच कमी असतात. जमलं तर जानेवारीत या.

एप्रिल-मे रातांब्यांचा. पिकलेली फळं फोडायची, गर आणि बिया वेगळ्या, सालं वेगळी. गराच्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. याला पुट देणं म्हणतात. पाच-सहा पुटांनंतर साल काळं, मऊ आणि चकचकीत होतं, ते आमसूल. हात आठवडाभर लाल राहतात. उरलेला खारा रस म्हणजे आगळ, बियांचं तेल पायाच्या भेगांना. त्या झाडाचं काही वाया जात नाही, आणि ते झाड कुणी रचना करून लावलेलं नाही, आजींच्या सासऱ्यांनी लावलेलं आहे. नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरवेल, सावलीत जायफळ, खाली हळद-सुरण ही थरांची बागही त्यांचीच. मला पर्माकल्चर तिथे दिसलं.

पर्माकल्चरचा बहात्तर तासांचा डिझाइन कोर्स आधी करावा का, असं मला बरेच जण विचारतात. माझं मत, आधी एक पावसाळा काढा, मग कोर्स करा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पायाला कळलं की वहीतल्या रेषा समजतात.

शेत निवडताना फोनवर हे विचारा: दिवसाचे तास किती, सुट्टी कधी, झोपायची जागा कशी, बायकांसाठी दाराला आतून कडी आहे का, वापरलेल्या पॅडचं काय करतात, दवाखाना किती लांब, गावातल्या मजुरांना रोज किती देता. शेवटच्या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो, तिथे बाकीचं बहुधा ठीक असतं. आणि घरी सांगताना "जमीन शिकायला चालले" एवढंच सांगू नका, किती महिने, पैशांचं काय, परत येऊन काय, हे सगळं सांगा. माझी आई मला भेटायला ऑक्टोबरमध्ये आली, दोन दिवस झोडणीला उभी राहिली, तेव्हा तिची काळजी कमी झाली.

मेच्या शेवटी निघाले तेव्हा आजींनी कापडाच्या पुरचुंडीत वालाचं बी दिलं. म्हणाल्या, "लावणीला ये, तुझा पैरा राहिलाय." आता मी पुन्हा नोकरी करते. गॅलरीतल्या दोन कुंड्यांत त्या वालाचे वेल चढले आहेत. यंदा दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, जुलैच्या पहिल्या आठवड्याचं राजापूर रोडचं तिकीट काढलंय, आणि मावशींसाठी नवीन विळा घेऊन जाणार आहे, त्यांच्या विळ्याची मूठ गेल्या वर्षीच सैल झाली होती.