स्वातंत्र्यवादी उमेदवाराच्या वादग्रस्त भूमिका सोलापूरच्या मतदारांत कशा तपासून पाहाव्यात

सरकारने बाजारात, शेतात आणि माणसाच्या खासगी आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, असे मानणारा उमेदवार उभा राहिला की त्याच्या कार्यकर्त्यांची समजूत अशी असते की लोकांना विचार नीट समजावला की मते आपोआप मिळतील. विरोधकांची समजूत नेमकी उलट असते: असला विचार गरिबाच्या गळी उतरणारच नाही. दोन्ही समजुती घरी बसून केलेल्या आहेत. सोलापुरात लोकांशी बोलल्यावर दिसते ते असे की, हा माणूस निवडून आला तर आधी कोणाचे बंधन सुटेल आणि आधी कोणाचा आधार जाईल, एवढेच मतदार बारकाईने ऐकत असतो. हा क्रम त्याला कसा ऐकू येतो हे शोधण्याची रीत पुढे मांडली आहे. ती कार्यकर्त्यांसाठी आहे, तशीच राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पत्रकारांसाठीही आहे.

हा विचार आपल्याकडे परका नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. 1959 मध्ये राजाजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाचे 1967 च्या लोकसभेत 44 खासदार होते. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1980 च्या कांदा आणि ऊस आंदोलनांपासून शेतमालाच्या बाजारावरील सरकारी बेड्यांचा प्रश्न गावोगावी नेला आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. कायद्याची एक अडचण मात्र आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29-अ कलमानुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. समाजवाद न मानणाऱ्यालाही ते लिहावे लागावे, हे मला लोकशाहीच्या दृष्टीने अन्यायाचे वाटते. व्यवहारात याचा परिणाम असा की असा उमेदवार बहुधा अपक्ष असतो किंवा एखाद्या लहान पक्षाचा असतो, आणि पडलेल्या मतांचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उमेदवाराच्या जाहीरनाम्यातील प्रत्येक भूमिका कोणता कायदा, कोणता आदेश किंवा कोणती योजना काढून टाकायची, अशा स्वरूपात पुन्हा लिहून काढावी. ‘बाजार मुक्त करू’ या वाक्यावर मतदाराकडून काहीही कळत नाही. ‘कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार काढून घेऊ’ या वाक्यावर लगेच कळते. मग त्या प्रत्येक वाक्यापुढे वहीत दोन रकाने करावेत: यातून कोणाचा हात मोकळा होतो आणि कोणाच्या हातातले काय जाते. दुसरा रकाना कोरा राहिला, तर आपण पुरेसा विचार केलेला नाही असे खुशाल समजावे.

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक असते त्या दिवसांत ही वही घेऊन सकाळी लवकर यार्डात जावे. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात थांबवली आणि ती बंदी 4 मे 2024 रोजी उठवली. सोलापूर आणि माढा मतदारसंघांत लोकसभेचे मतदान होते 7 मे रोजी. मतदानाच्या तीन दिवस आधीची ती सवलत कशासाठी होती हे यार्डातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. इथे स्वातंत्र्यवादी भूमिका उमेदवाराने उच्चारण्याआधीच लोकांच्या तोंडी असते, आणि म्हणूनच इथे मिळणाऱ्या होकारावर फार विसंबू नये. त्याच शेतकऱ्याला पुढचा प्रश्न विचारावा: निर्यात कायमची खुली राहील, पण भाव पडला तर सरकारी खरेदी आणि अनुदानही मिळणार नाही, हे चालेल का? या प्रश्नावर जो थांबून विचार करतो, त्याचे उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. त्याच यार्डातल्या हमालांशी आणि तोलारांशीही बोलावे, कारण बाजार समितीबाहेरची विक्री वाढली तर त्यांच्या मजुरीचे काय, हे त्यांना कोणी विचारत नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे.

उसाच्या बाबतीत गुंता अधिक आहे आणि तिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे, कारण एकाच माणसाच्या मनात दोन उत्तरे कशी नांदतात ते तिथे दिसते. दोन साखर कारखान्यांमध्ये हवाई अंतराची अट आहे, महाराष्ट्रात ती 25 किलोमीटरची आहे. ती काढून टाकावी म्हटले की ऊस उत्पादक मान डोलावतो, कारण कारखाने वाढले तर उसासाठी स्पर्धा होईल आणि दर वाढेल हे त्याला कळते. 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले तेव्हाही तो सरकारवर संतापला होता. परंतु त्याच तर्काने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला उसाचा किमान दर, रद्द करावा म्हटले की तो एकदम सावध होतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर 15 टक्के व्याज मागण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क बजावणे अवघड आहे हे त्याला ठाऊक असते, तरी तो सोडायला तो तयार नसतो. त्याचे हे वागणे विसंगत आहे असे म्हणून पुढे जाऊ नये. कारखानदाराच्या ताकदीचा त्याला अनुभव आहे, आणि अंतराची अट उठून नवा कारखाना उभा राहीपर्यंतच्या वर्षांत आपल्या पाठीशी कोण, असा त्याचा प्रश्न आहे. उमेदवाराने आधी अंतराची अट काढू आणि स्पर्धा प्रत्यक्ष सुरू झाल्यावर एफआरपीचा विचार करू असे म्हटले, तर तोच माणूस ऐकून घेतो. दोन्ही एकदम रद्द करू म्हटले तर उठून जातो. प्रश्नावलीत म्हणूनच दोन्ही क्रम स्वतंत्रपणे विचारावेत.

शहराच्या पूर्व भागात गेल्यावर चित्र पालटते. अशोक चौक, साखर पेठ, दत्तनगर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमाग आणि विडी यांवर घरे चालली आहेत, आणि अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. प्रश्न विचारणारा तेलुगू जाणणारा असावा, आणि विडी वळणाऱ्या बाईशी बोलायला बाईच जावी. नाहीतर घरातला पुरुष उत्तर देतो आणि आपण ते तिचे म्हणून लिहून आणतो. किमान वेतनाचा कायदा नको, मालक आणि कामगार यांनी आपसांत दर ठरवावा, ही भूमिका तिच्यापुढे ठेवली तर तिला ती तात्त्विक वाटतच नाही. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, वजनात मिळालेला तंबाखू आणि निकृष्ट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या यांचा हिशेब ती रोज करते, आणि त्या हिशेबात एकटीने वाद घालणे म्हणजे काय हे तिला माहीत असते. शिवाय कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत आणि रे नगर यांची घरे विडी आणि असंघटित कामगारांच्या संघटनेतून, सरकारी अनुदानातून आणि कामगारांच्या स्वतःच्या पैशांतून उभी राहिली आहेत. रे नगरच्या 30 हजार घरांच्या प्रकल्पातील 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. त्या घरात बसून ‘सरकारने घरे बांधू नयेत’ हे वाक्य वाचून दाखवणाऱ्याने तिथले मौन हा होकार समजू नये.

तरीही या भागात स्वातंत्र्यवादी उमेदवाराला जागा नाही असे मी म्हणणार नाही. घरातच दोन माग चालवणारा माणूस, रस्त्यावर हातगाडी लावणारा, इडलीची गाडी चालवणारी बाई, या सर्वांना परवाने, जप्ती आणि हप्ते यांचा जाच आहे. त्यांच्यासाठी सरकारचा हात आवरणे ही रोजच्या कमाईची गोष्ट आहे. उमेदवाराने पूर्व भागात बोलायची सुरुवात इथून केली पाहिजे, आणि सर्वेक्षणातही हा प्रश्न किमान वेतनाच्या प्रश्नाआधी एकदा आणि नंतर एकदा, अशा दोन गटांत विचारून फरक पाहिला पाहिजे.

पैसे थेट खात्यात देण्याच्या योजनांबद्दल थोडक्यात सांगतो. लाडकी बहीण योजनेतून 2024 पासून महिना 1,500 रुपये मिळू लागल्यावर तिला विरोध करणे कोणत्याही उमेदवाराला जड जाते. पण अधिकाऱ्यांमार्फत वस्तू वाटण्यापेक्षा पैसा हातात द्यावा आणि तो कसा खर्चायचा हे माणसाने ठरवावे, असे मिल्टन फ्रीडमनसारखे मुक्त बाजाराचे कट्टर समर्थकही म्हणत आले आहेत. उमेदवाराचा विरोध खैरातीला आहे की मधल्या कचेरीला, हे त्याच्याकडून आधीच लिहून घ्यावे.

दूरचे अनुभव इथे उपयोगी पडतात, पण जपून वापरावे लागतात. अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हाविएर मिलेई यांनी मध्यवर्ती बँक बंद करण्याची आणि डॉलर हेच चलन करण्याची भाषा केली, सभांत यांत्रिक करवत मिरवली आणि मानवी अवयवांची विक्री हाही एक बाजारच असल्याचे म्हटले. ऑक्टोबर 2023 च्या पहिल्या फेरीत त्यांची मते 30 टक्क्यांच्या आसपास अडकली. त्या सुमारास रेल्वे स्थानकांवर अनुदानासह तिकीट किती आणि अनुदानाविना किती, हे उमेदवारांच्या नावांसह झळकवले गेले. म्हणजे वहीतला दुसरा रकाना सत्ताधाऱ्यांनीच भरून दाखवला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीआधी मिलेई यांनी सरकारी शिक्षण आणि आरोग्य सेवा यांना हात लावणार नसल्याचे सांगितले, आणि जवळपास 56 टक्के मतांनी ते निवडून आले. तिथे महागाईचा वार्षिक दर 140 टक्क्यांच्या वर गेला होता, हे मात्र नजरेआड करू नये; आपल्याकडे तसा कडेलोट नसताना तशी भाषा फक्त धास्ती निर्माण करते. अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना 2016 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुमारे 45 लाख, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली आणि ती त्या पक्षाची सर्वोत्तम कामगिरी ठरली. एकाच फेरीत निकाल लागतो तिथे ‘मत वाया जाईल’ ही भीती मोठी असते, आणि आपली पद्धतही तीच आहे.

अमेरिकेतलाच दुसरा अनुभव सोलापूरला अधिक लागू पडतो. सिनेटचे उमेदवार रँड पॉल यांनी 2010 मध्ये असे सूचित केले की 1964 च्या नागरी हक्क कायद्यातील खासगी दुकानदारांना भेदभाव करण्यास मनाई करणारा भाग आपल्याला मान्य नाही. गदारोळ झाल्यावर तो कायदा रद्द करण्याला आपला पाठिंबा नसल्याचे त्यांना जाहीर करावे लागले. ते केंटकीतून निवडून आले, पण तो प्रश्न त्यांचा पाठलाग करत राहिला. सोलापूरचा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मालमत्तेचे स्वातंत्र्य म्हणताना दुकान, खानावळ आणि पाणवठा यांवर कोणालाही मज्जाव करता येणार नाही हे राज्यघटनेचे 15 वे कलम तुम्ही निःसंदिग्धपणे मानता का, हा प्रश्न इथे विचारला जाणारच, आणि विचारला गेलाच पाहिजे. उत्तर देताना अडखळणाऱ्या उमेदवाराची बाकीची सगळी भूमिका त्या वस्तीसाठी तिथेच संपते.

कारण सांगितले नाही तर भूमिकेचे काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातले आहे. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी संमत झाले आणि ते एक मत शरद जोशींचे होते. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरवणाऱ्या आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून बायकांच्या नावे जमिनी करायला लावणाऱ्या माणसाचे ते मत होते. त्यांचा मुख्य आक्षेप मतदारसंघ आळीपाळीने राखीव ठेवण्याच्या पद्धतीला होता. लोकांच्या लक्षात मात्र तो एक आकडाच राहिला. तपासणी करताना प्रत्येक भूमिका आधी नुसती आणि मग दोन वाक्यांच्या कारणासह ऐकवावी. कारणाने मत पालटते की नाही, आणि ते कारण दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आठवते का, हे पाहावे.

गोवंश हत्याबंदीसारख्या विषयावर हे आणखी कठीण होते. 2015 पासून बैलही त्या बंदीत आल्यामुळे थकलेला बैल विकता येत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि अनेकांची श्रद्धाही खरी आहे. इथे उमेदवाराला एका वस्तीत एक आणि दुसऱ्या वस्तीत दुसरे बोलण्याचा मोह होतो. तसे करू नये. नैतिक कारण तर आहेच, पण हातोहाती फिरणाऱ्या मोबाईलमुळे ती दोन्ही भाषणे संध्याकाळपर्यंत एकत्र ऐकली जातात.

निकालानंतरचे काम बहुतेक जण सोडून देतात. मतमोजणीनंतर प्रसिद्ध होणाऱ्या नमुना 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली हे असते. आपल्या वहीतील भाग आणि ती केंद्रे जुळवून पाहावीत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, आणि अशा उमेदवाराची ती बहुधा होतेच. म्हणून एकूण बेरजेवर निष्कर्ष काढू नये. यार्डाभोवतीच्या गावांत दोन टक्के आणि विडी वसाहतीत अर्धा टक्का असा फरक दिसला तर तो फरक बोलका आहे. ज्यांनी तुमच्यापाशी होकार दिला होता आणि ज्यांच्या केंद्रावर मते दिसत नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा जावे आणि भूमिका नको होती की निवडून येण्याची खात्री नव्हती, एवढेच विचारावे. ही उत्तरे उमेदवारापुढे ठेवताना आकड्यांच्या आधी त्या विडी कामगार बाईचे आणि त्या ऊस उत्पादकाचे शब्द वाचून दाखवावेत, आणि पुढची सभा त्यांच्याच वस्तीत, त्याच न पटलेल्या भूमिकेवर घ्यावी.