हातात बेस, समोर माइक: वाजवता वाजवता गायचं कसं

हौशी बँडमध्ये बेसवाल्यापुढे, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्यापुढे, माइक येतो तो बहुतेक वेळा नाइलाजानं. गाणारा पोरगा नोकरीला पुण्याला जातो, तालीम मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख तोंडावर आलेली असते, आणि सगळे वळून बेसवाल्याकडे बघतात. "तू सुरात गुणगुणतोस की! तूच म्हण." माझ्यावर वेळ आली ती अशीच. बोटं चालू ठेवली की शब्द अडायचे, शब्द धरले की बोटं थांबायची, आणि दोन्ही जमलं त्या दिवशी सूर खाली यायचा.

पुष्कळ दिवस मी हा दोष हाताचा समजत होतो. तो कानाचा निघाला. स्वतःचा बेस स्वच्छ ऐकू आला नाही की गळ्याला टेकायला जागा राहत नाही. म्हणून रियाजाच्या आधी ऐकू येण्याची सोय करायची.

पहिलं काम: वाद्य खरं बोलतंय का ते बघा

आपण बेसच्या सुरावर गळा टेकवणार, मग तो सूर खोटा असून चालणार नाही. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर येते आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या, बाराव्या आडव्या पट्टीवर) तीच तार चढी किंवा उतरी वाजते, हे स्वस्तातल्या बेसवर नेहमी दिसतं. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा आला तर पुढे आणा. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास, एवढ्यात चारही तारा होतात. तारा जुन्या असतील तर आधी बदला. मळलेल्या, गंजलेल्या तारेचं इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा येणं, जुळत नाही.

फोनवरच्या ट्यूनरला सगळ्यात जाड तार पकडता येत नसेल तर घाबरू नका. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, फोनचा माइक तिथवर पोचतोच असं नाही. बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकनं ट्यून करा, तो ८२ हर्ट्झवर असतो. त्याच कारणानं, फोनच्या स्पीकरवर गाणं ऐकून बेसची चाल बसवू नका. साधा वायरचा हेडफोन लावा.

आपल्याकडचा पावसाळा या वाद्याला सोसत नाही. जूनपासून हवा दमट होते, लाकडी नेक हलतो, तारांची उंची बदलते आणि मे महिन्यात गोड वाजणारा बेस ऑगस्टमध्ये फरफरायला लागतो. मिरज आपल्या कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर जे बारीक काम करतो, त्यामुळे तारेला तो गुंजणारा झंकार येतो. बेसला तोच झंकार नको असतो, पण काम तितकंच नाजूक असतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवायची सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि पुन्हा तपासायच्या आधी वाद्याला एक रात्र द्या. वाजवून झालं की सुती कापडानं तारा पुसा. एवढ्या एका सवयीनं तारा कितीतरी जास्त टिकतात.

दहा बाय बाराची खोली

राजारामपुरी असो की मंगळवार पेठ, सराव होतो तो घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत. या मापाच्या खोलीला स्वतःचे लाडके सूर असतात. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो आणि बाराफुटी अंतरात ४७ हर्ट्झचा. मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, म्हणजे ती भिंत हादरवते. ई तारेवरचा दुसरा फ्रेट ४६ हर्ट्झचा, तोही फुगतो. शेजारचे सूर मात्र हरवल्यासारखे वाटतात. मग आपण तिथं जोरात तार छेडतो, हात आखडतो, आणि आखडलेल्या हातानं गाता येत नाही.

गाद्या-रजया टांगून ही घुम जात नाही, जागा बदलून कमी होते. अँप (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकर) कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपऱ्यात खालचे सगळे सूर फुगतात. स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहू नका, एक-दोन पावलं पुढे या आणि प्रत्येक जागी मोकळी ए वाजवून बघा. अँप जमिनीवर असेल तर त्याचा स्पष्ट आवाज गुडघ्यांवर आदळतो, कानापर्यंत फक्त घुम येते. ते मजबूत स्टुलावर ठेवा. अँपवरचा बेसचा, म्हणजे खालच्या सुरांचा, नॉब थोडा कमी करा, मिडचा (मधल्या सुरांचा) वाढवा. खालच्या सुराची उंची कानाला मधल्या भागातून कळते. एकट्यानं वाजवताना हा आवाज जरा नाकातला वाटेल, पण गाताना आधार त्याचाच मिळतो.

गाण्याची पट्टी आधी, बेसची सोय नंतर

बेसवाला सवयीनं ई किंवा ए धरतो, कारण तिथं मोकळ्या तारा मिळतात. त्यासाठी गळ्याला ओढू नका. ज्या गावात गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे, तिथं पट्टी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पेटीवर बसा, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा आणि तो तासभर गाऊन झाल्यावरही न ताणता लागतो का ते बघा. ताज्या गळ्यानं पट्टी ठरवणारा कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात हमखास अडकतो.

पुरुष गायकांची पट्टी पुष्कळदा काळी एक (पेटीची पहिली काळी, सी शार्प) निघते, आणि बेसवाला तिथंच कुरकुरतो. काळी एकचा सा धरला तर नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या ई, ए, डी, जी या मोकळ्या तारा कोमल ग, कोमल ध, कोमल रे आणि तीव्र म अशा पडतात. भैरवीत त्यातल्या पहिल्या तीन चालतील, पण साध्या शुद्ध सुरांच्या गाण्यात एकही कामाची नाही. उपाय सोपा आहे. चारही तारा अर्ध्या सुरानं उतरवा. आता जाड तारेकडून मोजत गेलं तर मोकळ्या तारा रे, प, सा, म अशा येतात. सा आणि प मोकळे मिळाले की डाव्या हाताला दर थोड्या वेळानं विसावा मिळतो, आणि त्या क्षणी नजर आणि मन दोन्ही शब्दांकडे देता येतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग या एका बदलाचा झाला. तारा उतरवल्यानं ताण घटतो, नेक किंचित सरळ होतो आणि फरफर वाढू शकते. कायम असंच वाजवायचं असेल तर त्यानंतर सेटअप पुन्हा करून घ्या.

हात आणि तोंड

वारीत टाळ वाजवत अभंग म्हणणाऱ्या माणसाला आपण दोन कामं करतोय असं वाटत नाही. लहानपणापासून टाळ आणि शब्द एकत्रच शिकलेले असतात. आपण चूक करतो ती इथंच: बेसची चाल पूर्ण बसवतो, गाणं वेगळं पाठ करतो आणि मग दोन्ही शिवायला बसतो. शिवण दिसतेच. त्यापेक्षा सुरुवात टाळीनं करा. गाणं म्हणा आणि फक्त समेवर टाळी द्या. नंतर टाळीच्या जागी बेसचा एकच सूर, समेवरचा सा. एवढ्यावर संपूर्ण गाणं, सगळी कडवी, न चुकता म्हणून व्हायला हवीत. कंटाळवाणं आहे, तरी ही पायरी गाळू नका.

मग गाणं कागदावर लिहा. केरवा असेल तर आठ चौकटी आखा, प्रत्येक मात्रेखाली कुठलं अक्षर येतं ते मांडा आणि बेसचा सूर जिथं पडतो तिथं खूण करा. अडचण सगळीकडे नसते हे लगेच दिसेल. जिथं अक्षर आणि सूर एकत्र पडतात तिथं हात आपोआप जातो. जिथं शब्द मात्रेच्या मधोमध उचलला जातो आणि बेस मात्रेवर असतो, तिथंच आपण कोसळतो. पूर्ण गाण्यात अशा जागा तीन-चार निघतात. तेवढ्याच जागा मिनिटाला साठच्या लयीत घ्या. आधी शब्द न गाता नुसते बोला, बोलणं जमलं की एकाच सुरावर म्हणा, मग चालीत. सगळं गाणं पहिल्यापासून शंभर वेळा वाजवण्यापेक्षा या तीन जागांवर वीस मिनिटं दिलेली बरी.

सूर खाली यायचं कारण वेगळं आहे. बेस हलला की गळा त्याच्यामागे जातो. यावर माझा रोजचा रियाज असा. तंबोरा लावायचा, सा गळ्यात लांब धरायचा आणि बेसवर सा, प, म, सा असं सावकाश फिरायचं. गळ्यातला सा हलता कामा नये. पहिल्या आठवड्यात बेस म वर गेला की गळाही सरकतो, तो सरकला हे ऐकू येणं हीच पहिली कमाई. नंतर उलट करायचं: बेसवर सा धरून गळ्यानं आरोह-अवरोह. दहा मिनिटं पुरे. जमिनीसारखा स्थिर खर्ज खाली असला की गळा वर मोकळेपणानं फिरतो, हे गाणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

चाल जमलीये का हे तपासायची माझी एक रीत आहे. बेस वाजवत असताना घरातल्या कुणालातरी प्रश्न विचारायला सांगा. "दूध आणलंस का?" याचं उत्तर लय न मोडता देता आलं, तर त्या चालीवर गाता येईल. नाही आलं तर चाल सोपी करा. ओळ चालू असताना समेचे आणि मधले मोजके सूर वाजवा, बोटांची करामत ओळ संपल्यावर श्वासाच्या जागेत करा. हलगी कितीही कडाडली तरी तिच्या जोडीचं वाद्य, घुमकं, आपला ठोका सोडत नाही, म्हणून तर तो मेळ उभा राहतो. गाताना आपल्याला घुमक्याचं काम करायचं आहे.

पट्टा रुंद घ्या. बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं, अरुंद पट्टा खांदा दाबतो आणि श्वास वर चढतो. बसून आणि उभं राहून वाद्य एकाच उंचीवर येईल असा तो बांधा. बूम असलेला माइक स्टँड वापरा, म्हणजे माइक तोंडाशी येतो, तोंडाला माइककडे वाकावं लागत नाही. फ्रेटकडे बघायला मान वळली की आवाज माइकपासून सुटतो, म्हणून मोठ्या उड्या न बघता मारायचा सराव अंधार करून करा.

अँप, आणि अर्थिंगची गोष्ट

अँपवर पैसे घालवायची घाई नको. घरासाठी वीस-तीस वॉट भरपूर झाले. ड्रमसेटसोबत वाजवायचं असेल तर दोनशे वॉटच्या खाली बेस दबतो. मधल्या काळात एक डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी) घ्या. त्यातून सरळ मिक्सरमध्ये जाता येतं, लांब केबलमधला गोंगाट येत नाही, आणि मंडपात स्वतःचं अँप न्यावं लागत नाही. गिटारच्या अँपमध्ये बेस लावायचाच झाला तर आवाज अगदी लहान ठेवा, तो स्पीकर खालच्या सुरांसाठी बनलेला नसतो. अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरी असलेला) बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा. जॅक आत असेपर्यंत आतली नऊ व्होल्टची बॅटरी चालू राहते.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. एका मंडळाच्या कार्यक्रमात, गणपतीत, पाऊस नुकताच थांबलेला, मी तारांवर हात ठेवून माइकजवळ गेलो आणि ओठाला झटका बसला. थोडक्यात निभावलं. कारण समजून घ्या: माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेली असते, आपल्या तारा अँपच्या अर्थिंगला. दोघांची वीज वेगवेगळ्या बोर्डावरून आली आणि त्यातल्या एकाची अर्थिंग नसली किंवा वायरिंग चुकलं, तर दोघांमध्ये व्होल्टेज उभं राहतं. गाणारा बेसवाला त्या दोन टोकांच्या मधोमध उभा असतो. २३० व्होल्टच्या जोडणीत हा खेळ जिवावर बेतू शकतो. नुसता गाणारा किंवा नुसता वाजवणारा यातून बहुतेक वेळा सुटतो, आपण सुटत नाही.

म्हणून पिशवीत साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) ठेवा. सगळं चालू झालं की, काही हातात धरायच्या आधी, तो एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर घ्या. सळ्यांना फक्त प्लास्टिकच्या भागावर धरून एक बेसच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला टेकवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. दहा-वीस किंवा जास्त दिसले तर गाणं सुरू करायचं नाही. साउंडवाल्याला सांगा, अँप आणि मिक्सर एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यायला लावा आणि पुन्हा मोजा. स्पीकरमधली गुणगुण बंद व्हावी म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कुणी काढत असेल तर त्याला थांबवा. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या अगदी शेजारची, त्यामुळे ती बेसवाल्याला फार छळते हे खरं. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते वापरा. माइकला स्पंजची टोपी घाला, पण तिच्यावर विसंबू नका. वारंवार मंडपात गाणार असाल तर बेसला वायरलेस लावणं हा चांगला मार्ग आहे. केबलच नसल्यानं तारांचा अँपच्या अर्थिंगशी संबंध तुटतो.

आयोजक घाई करतील, निवेदक नाव पुकारेल. मोजायला एक मिनिट लागतं, तेवढं त्यांना थांबवा. रीडिंग बघा, मीटर पिशवीत टाका, पट्टा गळ्यात घाला आणि मॉनिटरमधून (आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) बेस ऐकू येतोय का ते एकदा मोकळा सा वाजवून तपासा.